चित्रांचा घसारा

(बी. कॉम., चौथे सत्र)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चित्रांविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या लेखाचा विषय चित्रांचे सौंदर्य हा नाही. चित्रे झिजतात कशी, आणि त्या झिजेचा हिशेब ठेवता येतो का, हा आहे. झिजेला आपल्या हिशेबशास्त्रात घसारा म्हणतात. यंत्र, इमारत, टेबलखुर्च्या यांचा घसारा दरवर्षी वहीत लिहिला जातो. भिंतीवरील चित्राचा घसारा कोणी लिहीत नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. चित्र रोज आपल्यासमोर असते आणि रोज कालच्यासारखेच भासते.

तो दिसावा अशी इच्छा असेल तर एखादी जुनी तसबीर फ्रेममधून काढून पाहावी. काठाची जी अर्धा बोट पट्टी चौकटीच्या आड झाकलेली असते, तेथे रंग अजून ताजे असतात, आणि मधला उघडा भाग त्या मानाने फिका पडलेला असतो. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षे लावलेले छापील चित्र पाहा. त्यातील लाल व पिवळा आधी उडून जातात आणि देवादिकांच्या अंगावरसुद्धा एक निळसर कळा उरते. हा प्रकाशाचा प्रताप होय.

प्रकाशाची तीव्रता 'लक्स' या एककात मोजतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात ती एक लाख लक्सच्या आसपास असते. आपल्या वर्गात पुस्तक वाचायला तीनशे ते पाचशे लक्स पुरतात. जलरंगातील चित्रे, कागद आणि वस्त्रे यांच्यावर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, तैलचित्रांवर सुमारे दोनशेपर्यंत चालेल, असा संग्रहालयांचा परिपाठ आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी १९७८ मध्ये संग्रहालयातील हवामानावर लिहिलेल्या ग्रंथाने या आकड्यांचा जगभर प्रसार झाला. पण खरी गंमत पुढे आहे. नुकसान केवळ तीव्रतेवर ठरत नाही. तीव्रता गुणिले तास यावर ठरते. पन्नास लक्स दहा तास आणि पाचशे लक्स एक तास, दोहोंची झीज साधारण सारखीच. घसाऱ्याच्या पद्धती शिकताना आपण यंत्र-तास दराची पद्धत शिकतो: यंत्र जितके तास चालले तितका घसारा. चित्राच्या बाबतीत निसर्ग हीच पद्धत वापरतो.

आता आकडेमोड करू. संग्रहालयातील एक जलरंगचित्र पन्नास लक्समध्ये रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस ठेवले, तर वर्षाचा खर्च १,२०,००० लक्स-तास. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या अहवालात मध्यम नाजूक वस्तूंसाठी वर्षाला १,५०,००० लक्स-तासांची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे आपले चित्र मर्यादेत बसले. आता तेच चित्र घरातील खिडकीशेजारच्या भिंतीवर लावले असे समजा. तेथे दिवसाचे दहा तास सरासरी एक हजार लक्स धरले तर वर्षाला साडेछत्तीस लाख लक्स-तास होतात. संग्रहालयात तीस वर्षांत जेवढे खर्च व्हायचे तेवढे येथे एका वर्षात! आणि अतिनाजूक रंगांसाठी त्याच अहवालातील मर्यादा अवघी १५,००० लक्स-तासांची आहे. काचेतून आलेले ऊन पन्नास हजार लक्सचे धरले, तर वर्षभराची ही शिल्लक अठरा मिनिटांत संपते. सकाळी चहा होईपर्यंत जी तिरीप भिंतीवर पडते ती एवढी खर्चिक असते.

याहून वाईट गोष्ट अशी की या खात्याला जमेची बाजूच नाही. रात्री दिवा मालवला म्हणून उडालेला रंग परत येत नाही. अनेक रंग आधी झपाट्याने फिके पडतात आणि मग सावकाश, अगदी आपल्या घटत्या शेषाच्या पद्धतीप्रमाणे. त्यामुळे जुने चित्र 'आता काही बदलत नाही' असे जे आपण म्हणतो त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की गमावण्यासारखे बरेचसे आधीच गेले आहे.

हा विचार नवा नाही. रसेल व कॅप्टन अॅबनी या दोघांनी इंग्लंडात जलरंगांवर प्रयोग करून १८८८ मध्ये सरकारला अहवाल दिला. त्यांना आढळले की निर्वात नळीत ठेवलेले बहुतेक रंग उन्हातही टिकून राहतात. हवा आणि ओल यांची जोड मिळाली म्हणजे प्रकाश अधिक घातक होतो. म्हणून आता ओलीकडे वळू.

ओलीचे शास्त्र निपाणीकरांना शिकवावे लागत नाही. तंबाखूच्या वखारीत ज्याने पाय ठेवला आहे त्याला माहीत असते की उन्हाळ्यात दुपारी पान हाताळले तर त्याचा चुरा होतो, आणि पहाटेच्या दवाने तेच पान मऊ पडते. पावसाळ्यात माल सर्दावला की वजन वाढते, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर बुरशी धरते. (आमचे कन्नड विभागातील मित्र तिला 'बूष्टु' म्हणतात.) कागद, कापड, लाकूड, सरस या सर्व वस्तू तंबाखूच्याच जातीच्या. हवेतील ओल त्या शोषतात आणि परत सोडतात. शोषताना फुगतात, सोडताना आकसतात. पावसाळ्यात घट्ट बसणारे दार उन्हाळ्यात सैल का होते याचे उत्तर हेच. चित्राच्या बाबतीत अडचण अशी की मागचे कापड किंवा फळी हलते, पण वरचा वाळलेला रंगाचा थर तितका हलू शकत नाही. मग त्याला तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचे बीज रुजते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही मर्यादा ओलांडली जाणार हे गृहीतच धरावे लागते.

तरीही ओलीपेक्षा ओलीची चढउतार अधिक वाईट, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिले. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे १९४१ मध्ये वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवण्यात आली. खाणीची हवा थंड आणि दमट. ती १७ अंशांपर्यंत तापवली तेव्हा आर्द्रता ४२ टक्क्यांवर येऊन स्थिर राहिली. लंडनमध्ये ज्या चित्रांचे पापुद्रे सतत चिकटवावे लागत होते त्यांची दुरुस्ती येथे जवळजवळ थांबली. युद्ध संपले, चित्रे घरी परतली आणि पापुद्रे पुन्हा सुटू लागले.

हे वाचल्यावर कोणी म्हणेल, मग सभागृहात एअर कंडिशनर बसवा. येथेच मोठा घोटाळा होतो. पावसाळ्यात २६ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे वीस-एकवीस ग्रॅम पाणी असते. यंत्राने खोली २२ अंशांपर्यंत गार केली आणि संध्याकाळी पाच वाजता यंत्र बंद करून दारे उघडली, तर बाहेरची हवा आत येते. २२ अंशांच्या भिंतीलगत मात्र घनमीटरला एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅमहून अधिक पाणी वाफेच्या रूपात राहूच शकत नाही. उरलेले दव होऊन भिंतीवर आणि तसबिरीच्या काचेवर बसते. दिवसा कोरडे, रात्री ओले, असे रोज. अहोरात्र चालवण्याची ऐपत नसेल तर हे यंत्र चित्रांसाठी नसलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड भिंती आणि हलता वारा अधिक विश्वासू.

जाड भिंतींचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठा. तेथील चित्रे डोंगराच्या पोटात, मातीच्या गिलाव्यावर, अंधारात शतकानुशतके राहिली. १८१९ मध्ये ती लेणी पुन्हा उजेडात आल्यानंतर प्रकाशही आला आणि माणसेही. एक माणूस श्वास आणि घाम यांतून तासाला साधारण पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. शंभर जणांचा जथा लेण्यात तासभर थांबला तर पाच लिटर झाले. आता तेथे फ्लॅश लावू देत नाहीत त्यामागे अशीच काळजी आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने सेकोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावून सुटणारे रंग पक्के करून घेतले, पण त्यासाठी लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि तो उतरवण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षे गेली. आपल्याकडे हौसेने जुन्या तसबिरीला व्हार्निश मारणारे लोक आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

अजिंठ्याकडे पाहायला सरकार आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत, तीही संस्थेच्या हाती आहेत. प्रश्न आहे तो घराघरांतील चित्रांचा. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रमंदिर चालवून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. रवी परांजपे (१९३५–२०२२) त्यांतलेच. या परंपरेतील निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे दिवाणखान्यांत, वाचनालयांत, शाळांच्या कचेऱ्यांत टांगलेली आहेत. त्यांची यादी नाही, विमा नाही आणि बहुतेकांच्या शेजारी खिडकी आहे.

येथे उपाय महाग नाहीत. पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, आतल्या भिंतीवर लावावे. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत व चित्र यांमधून वारा खेळतो. काच चित्राला टेकू देऊ नये. चित्राच्या डोक्यावरची जुनी ट्यूबलाइट काढून एल.ई.डी. दिवा लावला तर अतिनील किरण जवळजवळ नाहीसे होतात, पण दृश्य प्रकाशाची झीज चालूच राहते, तेव्हा खोलीत कोणी नसताना दिवा बंद हवाच. फारच मोलाचे जलरंगचित्र असेल तर भिंतीवर त्याची छापील प्रत लावावी आणि मूळ चित्र आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात ठेवावे. चित्र बिघडलेच असेल तर स्वतः हात लावू नये. राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा लखनौत १९७६ मध्ये सुरू झाली, तिचे प्रादेशिक केंद्र आपल्याच राज्यात म्हैसूरला आहे.

प्रकाश मोजण्यासाठी संग्रहालये निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरतात. प्रत्येक पट्टीला फिकी पडायला आधीच्या पट्टीच्या सुमारे दुप्पट वा अधिक प्रकाश लागतो. आपल्याला पतंगाच्या कागदावर भागवता येईल. लाल व जांभळ्या कागदाची पट्टी घ्यावी, अर्ध्या भागावर अॅल्युमिनियमचा वर्ख गुंडाळावा आणि ती चित्राशेजारी चिकटवावी. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा परीक्षेच्या सुमारास वर्ख सोडून दोन्ही अर्धे ताडून पाहावेत. आपल्या महाविद्यालयात देणगीदारांच्या तसबिरी असलेल्या भिंतीवर हा प्रयोग वाणिज्य आणि विज्ञान या दोन्ही विभागांनी मिळून करावा असे मी सुचवतो. मालमत्तेच्या नोंदवहीत त्या तसबिरींसाठी एक पान पुरेल. त्यात रकाने असे असावेत: चित्राचे नाव, माध्यम, भिंतीची दिशा, खिडकीपासून अंतर, रोजचे उजेडाचे तास, जुलैतील आर्द्रता, आणि शेवटी पट्टी तपासल्याची तारीख.