क्लेम कधी करावा, कधी करू नये

भाचा लर्निंग लायसन्सवर गाडी शिकत होता तेव्हा शेजारी मी बसत असे. कोथरूडच्या एका गल्लीत वळताना आमच्या गाडीचा दुचाकीला धक्का लागला. दुचाकीवरचे गृहस्थ पडले, त्यांचं मनगट मोडलं. गर्दी जमली आणि ‘पाच-दहा हजार द्या, इथल्या इथे मिटवा’ असे सल्ले सुरू झाले. भाचा रडवेला होऊन म्हणाला, “मामा, देऊन टाकू या ना.” मी ऐकलं नाही. आधी त्या गृहस्थांना रुग्णालयात नेलं, मग पोलिसांना कळवलं आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवलं.

मोटार वाहन कायद्यानं ही तिन्ही कामं चालकावर टाकलेली आहेत. पोलिसांना फार तर २४ तासांत कळवावं लागतं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो अशाच प्रसंगासाठी. समोरच्याला इजा झाली किंवा मृत्यू ओढवला, तर भरपाईच्या रकमेला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी ठरवेल ती. समोरच्याच्या वाहनाच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. रस्त्यात कोंबलेल्या पाच हजारांनी त्या माणसाचा न्यायाधिकरणाकडे जायचा हक्क संपत नाही, आणि संपूही नये. त्याचं मनगट मोडलंय, त्याला पूर्ण भरपाई मिळायला हवी.

पुढे दावा दाखल झाला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी विचारलं ते एवढंच: अपघाताच्या दिवशी लर्निंग लायसन्सची मुदत होती का? शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस होता का? गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी होती का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ होती, म्हणून भरपाई कंपनीनं भरली. लायसन्सच नसतं, तर अनेक खटल्यांत न्यायालयं कंपनीला जखमीचे पैसे भरायला लावतात आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. ‘सोसायटीच्या आतच चालवतोय’ म्हणणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, किल्ली देऊ नका.

इंग्लंड-अमेरिकेत नवशिक्या तरुणाला विम्याचा हप्ता भरमसाट पडतो. आपल्याकडे तो मुख्यतः गाडी पाहून ठरतो, चालकाचं वय पाहून नाही. त्यामुळे घरातलं मूल गाडी चालवू लागलं की विमा महागेल ही भीती नको. महागतो तो ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम केल्यावर.

इथे मात्र हिशेब करायलाच हवा. समजा, ओन डॅमेजचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतोय, म्हणजे तुम्ही ५,००० भरता. खांबाला घासून बंपर फुटला. नवा बंपर ८,००० रुपयांचा. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, उरले ४,०००. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीनं स्वतः सोसावे लागतात. सुट्या भागापोटी हाती आले ३,०००. आणि बोनस शून्यावर गेला. तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनीच ५० टक्क्यांवर चढतो. मूळ हप्ता तेवढाच धरला, तर या वाटेत १२,५०० रुपये जादा जातात. दरवर्षी गाडीची किंमत उतरते म्हणून आकडा थोडा कमी होईल, तरी सौदा तोट्याचाच. गॅरेजवाला ‘क्लेममध्ये टाकू या’ म्हणतो तेव्हा त्याचं बिल निघणार असतं, बोनस तुमचा जाणार असतो.

नवशिक्याच्या गाडीला झिरो डेप कव्हर जरूर घ्या, घसारा वाचतो. पण त्यानं बोनस वाचत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर असतं. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तरी बोनस बुडतो. गाडी विकली तर तो गाडीबरोबर जात नाही, तुमच्या नावावर राहतो. कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा.

मोठा, रास्त क्लेम कंपनीनं नाकारलाच तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला ही कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.