‘जाता जाता एक विचारू, मॅडम?’

आपल्याकडे सुपरवायझर होण्याचं शिक्षण सहसा कुणी घेत नाही. समुपदेशनात केस पांढरे झाले, चार व्याख्यानं गाजली, की एखाद्या संस्थेतून फोन येतो, “आमच्या मुलींना जरा गाईड करा.” झाली नेमणूक. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करणाऱ्याचं काम निदान दोन वर्षं वरिष्ठांच्या नजरेखालून जातं. शाळेतली, कॉलेजातली, स्वयंसेवी संस्थेतली समुपदेशक मात्र एम.ए. झाली की थेट क्लाएंटसमोर बसते. ब्रिटनमध्ये ‘बीएसीपी’ या समुपदेशकांच्या संघटनेच्या मान्यताप्राप्त सदस्याला, मग तो कितीही जुनाजाणता असो, महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं. आपल्याकडे ते ज्याच्या त्याच्या हौसेवर आहे.

मी ही हौस बरीच वर्षं पुरवून घेतली आहे. आधी समोर बसून, नंतर वरिष्ठांच्या खुर्चीतून. त्यातलं जे अजूनही खरं वाटतं, ते इथे मांडते.

१. आधी ठरवा, आणि लिहून ठेवा. किती दिवसांनी भेटायचं, पैसे कोण देणार, रात्री फोन केला तर चालेल का, हे पहिल्या भेटीतच बोलून घ्यावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथलं बोलणं संस्थेच्या प्रमुखांपर्यंत किती जाणार? अनेक ठिकाणी प्रकल्प समन्वयकच सुपरवायझर असतो. तोच रजा मंजूर करतो आणि वर्षाअखेरीस शेराही तोच लिहितो. “कालच्या सेशनमध्ये मला क्लाएंटचा राग आला होता,” असं त्याच्यासमोर कोण कबूल करेल? ही दोन कामं एकाच माणसाकडे असणं मला मुळातच पसंत नाही. इलाज नसेल तर निदान बैठका वेगळ्या ठेवाव्यात आणि कुठली गोष्ट कुठे जाईल ते आधीच सांगून टाकावं.

२. उत्तर ओठांवर आलं तरी दम धरा. उत्तम थेरपिस्ट उत्तम सुपरवायझर होतोच असं नाही, कारण केस ऐकताच त्याचे हात शिवशिवू लागतात. समोरची मुलगी पाच मिनिटं बोलते तोवर आपलं निदान तयार, पुढची तीन सेशनंही तयार. मग ती वही काढून उतरवून घेते आणि पुढच्या आठवड्यात आपली वाक्यं आपल्याच सुरात क्लाएंटला ऐकवते. अमेरिकेतल्या जेनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरवायझरच्या तीन भूमिका सांगितल्या : शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार. आपल्याला शिक्षकाची भूमिका फार आवडते. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली, त्याचा फायदा मोठा झाला. पण नवखी मुलं पहिल्याच सेशनला क्लाएंटचे अविवेकी समज शोधायला निघतात, आणि काही वरिष्ठ सुपरव्हिजनमध्ये त्या मुलांचे! मी आधी एवढंच विचारते, “तो माणूस दार ओढून बाहेर गेला तेव्हा तुला काय वाटलं?” या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नसतं, त्यामुळे तिला स्वतःकडे पाहावंच लागतं.

३. जे सांगितलं जात नाही, त्यासाठी जागा करा. या कामातलं सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हे. अमेरिकेत निकोलस लदानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शिकाऊ थेरपिस्टना विचारलं की सुपरवायझरपासून तुम्ही काय लपवता. जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही लपवलेलं निघालं. यादीत स्वतःच्या चुका होत्या, क्लाएंटबद्दलची नापसंती होती, आणि खुद्द सुपरवायझरबद्दलची नाराजीही होती. पहिल्या नावाने हाका मारणाऱ्या लोकांची ही गत. आपल्याकडे तर मॅडमच्या आधी कुणी बसतसुद्धा नाही.

त्यामुळे आपल्याकडे केस बेतून आणली जाते. इतिहास व्यवस्थित, क्लाएंटमध्ये सुधारणा, शेवटी एक निरुपद्रवी शंका. खरी गोष्ट तास संपल्यावर निघते. पर्स खांद्याला लावून झालेली असते, चपलेत पाय गेलेला असतो, आणि मग, “जाता जाता एक विचारू, मॅडम?” क्लाएंट पैसे उसने मागतो आहे. एक मुलगा रोज रात्री मेसेज करतो आणि ही उत्तर देते आहे. एका बाईचं बोलणं ऐकताना हिला चक्क कंटाळा येतो.

यावर मी दोन गोष्टी करते. तासाच्या सुरुवातीलाच विचारते, “आज कुठली केस आणायची नाही असं ठरवून आली आहेस?” बहुतेक जणी हसतात. त्या हसण्यानंतर बरंच काही बाहेर येतं. दुसरी गोष्ट म्हणजे, तिने असं काही सांगितलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात माझ्या चेहऱ्यावर काय उमटतं याकडे माझं लक्ष असतं. कपाळावर एक आठी पडली, तर पुढचे सहा महिने नीटनेटक्या केसेस येत राहतील. रात्री मेसेजला उत्तर देणाऱ्या मुलीला “हे नियमात बसत नाही” हे ठाऊकच असतं, म्हणून तर ती दारात सांगते. उत्तर दिलं नाही तर त्या मुलाचं काय होईल अशी भीती तिला वाटते, हे तिने मोठ्याने म्हणायला हवं असतं. सीमारेषेचं बोलणं त्यानंतर.

४. नोंदींवर विसंबू नका, सेशन ऐका. कार्ल रॉजर्स यांनी ओहायोत असताना १९४०च्या दशकात सेशनं ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्या काळी ते धाडसच होतं. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि तरी आपण आठवणीतून सांगितलेल्या केसवर चर्चा करतो. नोंदीत लिहिलेलं असतं, “मुलाशी चांगला संवाद साधला.” रेकॉर्डिंगमध्ये अर्धं सेशन आईच बोलते. मुलगा एकदा म्हणतो, “मला नाही जायचं त्या क्लासला,” आणि आमची समुपदेशक त्याला दहावीचं महत्त्व सांगायला लागते. ती खोटं लिहीत नाही. तिला सेशन तसंच आठवत असतं. क्लाएंटची लेखी संमती हवी, मूल लहान असेल तर पालकांचीही, आणि फाईल व्हॉट्सॲपवर कधीच फिरता कामा नये. सगळं सेशन ऐकायचीही गरज नसते. तिला अडलं ती दहा मिनिटं पुरतात.

५. खोलीतलं वारं ओळखा. क्लाएंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे चाललेलं असतं ते कधीकधी थेरपिस्ट आणि सुपरवायझर यांच्यातही चालू होतं, असं हॅरोल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलं. एरवी ठाम बोलणारी एक मुलगी एका विशिष्ट केसबद्दल बोलताना सारखी माफी मागायची, आणि मीही तिला भराभर सूचना देत सुटायचे. केस होती सासूच्या धाकात घुसमटलेल्या सुनेची. आमच्या खोलीतली सासू कोण हे वेगळं सांगायला नको. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघी हसलो आणि केस हलली. पण एक इशारा : हे सापडायला लागलं की सगळीकडेच दिसू लागतं. कधीकधी मुलगी माफी मागते ती फक्त बस चुकली म्हणून.

६. जिवाचा प्रश्न आला की प्रश्न विचारणं थांबवा आणि स्पष्ट सांगा. दुसऱ्या मुद्द्यातला सगळा संयम इथे गुंडाळून ठेवायचा. आत्महत्येचा विषय निघाला की नवख्या समुपदेशकाला दोन भीती असतात : विचारलं तर त्याच्या मनात तो विचार पेरला जाईल, आणि पोलीस येतील. पहिली भीती निराधार आहे. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं. दुसऱ्या भीतीवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचायला द्यावा. त्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. त्यानंतर मी कोरडे, व्यवहारी प्रश्न विचारायला लावते. घरात कीटकनाशक आहे का? कुठल्या खोलीत? ते आजच कोण दुसरीकडे हलवणार? रात्री सोबत कोण असेल? मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी आणि कुणाबरोबर जाणार? टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह केला का? “क्लाएंटने तसं काही करणार नाही असं वचन दिलं आहे,” हे उत्तर मी योजना म्हणून स्वीकारत नाही.

बालकांच्या लैंगिक अत्याचाराबाबत तर विचारविनिमयाला जागाच नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या १९व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालचं कुणीही बालक, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने स्वखुशीने ठेवलेले शरीरसंबंधही याच चौकटीत येतात. समुपदेशक रडकुंडीला येते, कारण तिने मुलीला आधीच शब्द दिलेला असतो, “कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही.” तेव्हा गुप्ततेच्या मर्यादा पहिल्याच सेशनमध्ये, मुलाला कळतील अशा शब्दांत सांगायची सवय सुपरवायझरने लावायची. तरीही कळवायची वेळ आली तर त्या फोनच्या वेळी तिच्या शेजारी बसायचं. ज्येष्ठपणाचा उपयोग अशा वेळी करायचा असतो.

७. जात विचारा. नोंदीत “जुळवून घेण्यात अडचणी” असं येतं. मुलगा वसतिगृहातला, घरातला पहिलाच पदवीला आलेला, मित्र त्याच्या ताटाला ताट लावून बसत नाहीत. समुपदेशकाने त्याला श्वसनाचे व्यायाम दिलेले असतात. जातीचा विषय काढायला तिला संकोच वाटतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच सुपरवायझरनाही वाटतो.

८. तिची थेरपी करू नका. वडील नुकतेच गेलेली मुलगी शोकाची केस मांडताना रडेल. रडू द्यावं, पाणी द्यावं, आणि विचारावं, “ही केस सध्या तुझ्याकडे ठेवायची का?” त्यापलीकडचं तिच्या वडिलांबद्दलचं बोलणं दुसऱ्या थेरपिस्टकडे. आपण चौकशी करत आत शिरलो तर पुढच्या महिन्यात तिच्या कामाचं मूल्यमापन कुठल्या तोंडाने करणार?

९. नाही म्हणता आलं पाहिजे. काही माणसं या कामाला योग्य नसतात. क्लाएंटवर आपला धर्म, आपली लग्नाविषयीची मतं लादत राहतात, सांगूनही थांबत नाहीत. त्यांना उदाहरणांसह, लेखी, वेळेवर सांगावं आणि गरज पडली तर केसेस काढून घ्याव्यात. “बिचारीची नोकरी जाईल” ही दया क्लाएंटच्या खर्चाने केलेली असते.

१०. तुमची सुपरवायझर कोण? मला आहे. वयाने माझ्यापेक्षा लहान आहे आणि मला सवलत देत नाही.

आता संस्था चालवणाऱ्यांना एक विनंती. समुपदेशकाचं मानधन, खोलीचं भाडं, पोस्टर्सची छपाई हे सगळं तुमच्या अंदाजपत्रकात असतं. सुपरव्हिजनचा तास तिथे वेगळ्या ओळीत लिहा. तो बाहेरच्या व्यक्तीकडून घ्या, त्याचे पैसे द्या, आणि तो कामाच्या वेळेतच धरा. रविवारी सकाळी, चहाबिस्किटांवर नको.