व्याधाचा उदय आणि एक जुने पत्र

पाठ्यपुस्तकात छापले आहे म्हणून एखादे साल मान्य करावे, अशी शिकवण या संस्थेत दिली जात नाही. त्यामुळे इजिप्तचा धडा शिकविताना ‘हे साल कोणी ठरविले?’ असा प्रश्न हमखास येतो. तेव्हा आम्ही एका पत्राची हकिकत सांगतो.

इल्लाहून येथील मंदिराच्या दप्तरातील एका पपायरसवर, राजाच्या सातव्या वर्षी, पेरणीच्या ऋतूतील चौथ्या महिन्याच्या 16 तारखेस व्याधाचा उदय होईल, अशी आगाऊ सूचना आहे. हा राजा तिसरा सेनुसरेत असावा, असे अभ्यासक मानतात.

व्याध वर्षातून सुमारे 70 दिवस सूर्यतेजात लोपतो आणि मग एका पहाटे पूर्वेस पुन्हा दिसतो. इजिप्तचे वर्ष मात्र नेमके 365 दिवसांचे होते. त्यामुळे उदयाची तारीख दर चार वर्षांनी एक दिवस पुढे सरके व सुमारे 1460 वर्षांनी पुन्हा वर्षारंभी येई. असा योग इ.स. 139 मध्ये आल्याचे रोमन लेखक सेन्सोरिनस याच्या लेखनावरून कळते. (चौथ्या वर्षी एक दिवस वाढविण्याचा ठराव इ.स.पू. 238 मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळी झाला, पण तो रुजला नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील ‘तुरमाय’ तो याच टॉलेमीचा पिता!) तेथून मागे मोजत गेल्यास पत्राचा काळ इ.स.पू. एकोणिसाव्या शतकात येतो.

पूर्वी हे गणित कोष्टकांवरून चाले. आज स्टेलेरियमसारखी मोफत संगणकप्रणाली पृथ्वीच्या अक्षाचे परांचन आणि ताऱ्याची निजगती हिशेबात घेऊन चार हजार वर्षांपूर्वीचे आकाश क्षणात पडद्यावर आणते. परंतु निरीक्षक कोठे उभा होता, हे आधी आपणच भरावे लागते. मेम्फिसऐवजी दक्षिणेकडील एलिफंटाईन भरले, की उदय सुमारे सहा दिवस अलीकडे येतो. एक दिवस म्हणजे चार वर्षे. म्हणजे राजाचा काळ दोन तपांनी हलला! सूर्य क्षितिजाखाली किती अंश असता तारा डोळ्यांना दिसतो, हेही गृहीतच धरावे लागते. रिचर्ड पार्कर यांनी उत्तरेकडील निरीक्षण मानून इ.स.पू. 1872 हे साल काढले. रॉल्फ क्राउस यांनी एलिफंटाईन मानले आणि काळ काही दशकांनी अलीकडे आणला.

पत्रात निरीक्षणाचे स्थळ लिहिलेले नाही. म्हणून आमचे विद्यार्थी वहीत दोन्ही उत्तरे लिहितात आणि प्रत्येकाशेजारी मानलेल्या स्थळाचे नाव.