काळ्या दगडातील आघाताची खूण

भोर-वेल्ह्याच्या मुलांस काळा दगड नवा नव्हे. तोरणा, राजगड, रोहिडा हे किल्ले त्याच दगडाच्या डोंगरांवर उभे आहेत. घरांची जोती त्याची, जाते-पाटाही त्याचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. त्यात प्लॅजिओक्लेज नामक खनिजाचे बारीक स्फटिक असतात. अशा कणांनी एक जुना वाद कसा मिटविला, ते आम्ही येथे सांगणार आहों.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर याच दगडात आहे. विवराची रुंदी सुमारे १८०० मीटर, खोली दीडशे मीटर. विष्णूने लवणासुराचा वध केला ते हे स्थळ, अशी तेथील कथा. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे बहुतेक विद्वानांनी ते ज्वालामुखीचे मुख मानिले, आणि आमच्या मते यात त्यांची फारशी चूक नव्हती; चहूंकडे लाव्हाच पसरलेला असता दुसरे काय सुचावे? १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने त्याची तुलना अॅरिझोनातील विवराशी केली. पण पुरावा नव्हता.

तो पुढे सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. दगडाचा काप घासून मिलिमीटरच्या तीन शतांशाइतका पातळ केला, की त्यातून प्रकाश जातो. तो काप दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये ठेवून फिरविला असता प्लॅजिओक्लेजचा स्फटिक पाळीपाळीने उजळतो व काळवंडतो. काच मात्र कशीही फिरविली तरी काळीच राहते. लोणारच्या तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या दगडांत असे कण मिळाले, की ज्यांचा आकार व कडा स्फटिकाच्या, पण अंतरंग काचेचे! उष्णतेने वितळलेला कण ओघळून आपला आकार गमावता. येथे तसे झाले नव्हते. लाखो वातावरणांच्या दाबाची लाट क्षणार्धात आरपार गेली, तरच असे होते. ज्वालामुखीत तेवढा दाब उत्पन्न होत नाही. १९७३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या काचेस मॅस्केलिनाइट म्हणतात. ती प्रथम ओळखली गेली १८७२ साली, आणि तीही बिहारात शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या अशनीत. हा अशनी मंगळावरून आलेला आहे, असे आज मानितात.

२०१० साली जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या लघुग्रहावरील सुमारे दीड हजार कण पृथ्वीवर आणिले. बहुतेक कण डोळ्यांस दिसणार नाहीत इतके लहान. परंतु त्यांनाही तोच प्रश्न विचारण्यात आला. एका मोठ्या पिंडाचे तुकडे होऊन, ते पुन्हा गोळा होऊन इटोकावा बनला, असे शास्त्रज्ञ सांगतात. तरीही तपासलेल्या बहुतेक कणांत आघाताच्या खुणा सौम्यच आढळल्या. कण उजळणे-काळवंडणे सोडीत नाहीत, फक्त ते एकदम न होता सावली सरकावी तसे होते.

ही सावली ओळखावयाची तर आधी आघात न झालेला कण कसा दिसतो, ते डोळ्यांत बसले पाहिजे. त्यासाठी दूर जावयास नको. नीरेच्या पात्रातील एक काळा गोटा पुरे.