गाडीच्या विजेवर तंबूतला मुक्काम

ऐन थंडीत भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू टाकला होता. आमच्या इलेक्ट्रिक गाडीतून घरातल्यासारखी २३० व्होल्टची वीज बाहेर घेता येते, म्हणून दिव्यांची माळ आणि मोबाइलचे चार्जर रात्रभर तिलाच जोडलेले. सगळा भार मिळून जेमतेम ४० वॉट. दहा तासांत अर्धा युनिटही लागायला नको. सकाळी पाहिलं, तर ६८ टक्के असलेली बॅटरी ६१ वर! ४५ युनिटांच्या बॅटरीचे सात टक्के म्हणजे तीन युनिट झाले. घाटरस्ता नसेल तर तेवढ्यात गाडी वीसेक किलोमीटर जाते.

ती वीज दिव्यांनी नव्हे, गाडीनेच खाल्ली होती. बाहेर वीज द्यायची तर इन्व्हर्टर, गाडीतला संगणक, १२ व्होल्टची बॅटरी भरणारा कन्व्हर्टर, सगळं जागं राहतं. गाडीगणिक आकडा बदलेल, पण प्लगला दिवा लावा नाहीतर शेगडी, हा वरखर्च सुटत नाही.

त्याच सकाळी बादलीत १५०० वॉटचा रॉड टाकला. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापायला साधारण ०.६ युनिट लागतं. पंचवीसेक मिनिटांत आंघोळीचं पाणी तयार, आणि तेवढ्या वेळात गाडीचा वरखर्च ०.१ युनिटच्या आसपास. इंडक्शनवरच्या पिठलं-भाताचंही तसंच. भार मोठा आणि वेळ थोडा असेल, तर ही सोय खरंच फायद्याची. छोट्या पेट्रोल जनरेटरमध्ये इंधनातली बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, वर धडधड आणि धूर.

तेव्हा स्वयंपाक चालू असतानाच पॉवर बँक आणि चार्जिंगचे कंदील भरून घ्या आणि जेवणं उरकली की गाडीची वीज बंद करा. रात्री कंदील पुरतो. मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांनी तर माळ आणूच नये. उजेडात काजव्यांना एकमेकांची लुकलुक दिसत नाही, त्यांच्या जोड्या जमत नाहीत.

बऱ्याच गाड्यांत अमुक टक्क्यांखाली वीज बाहेर देऊ नये, अशी मर्यादा घालता येते. परतीच्या वाटेवरचा चार्जर चालू आहे का, हे विचारून मगच ती ठरवा. एक्स्टेन्शन बोर्ड दवाने भिजलेल्या गवतावर ठेवू नका, डिकीतच राहू द्या. बादली प्लॅस्टिकची घ्या आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. मुलांना आधीच बजावून ठेवा.