कांद्याला झोपू दे

अगं, फुलांचे कांदे पाण्यावाचून क्वचित मरतात. मरतात ते पाण्यानं. पान जरा पिवळं पडलं की तू घाबरतेस आणि तांब्याभर पाणी जास्तच ओततेस. मग आठ दिवसांत कुंडीला वास सुटतो आणि आत बोट घातलं तर नुसता लगदा. ते पिवळं पान म्हणजे आजार नव्हे गं. त्या दिवसांत झाड पानातलं अन्न खाली कांद्यात उतरवून घेत असतं. मुळं झडत आलेली असतात, तुझं पाणी प्यायला खाली कुणी उरलेलंच नसतं. अशा वेळी पाणी तोडायचं, कुंडी भिंतीकडेला सरकवायची आणि दीड-दोन महिने तिला विसरून जायचं. आपल्याला नेमकं हे विसरणंच जमत नाही.

आणि पान कापू नकोस. तू निपाणीची, तुला हे पटकन कळेल. तंबाखूला कळी आली की आपल्याकडे शेंडा खुडतात, कारण फुलात जोर गेला तर पान हलकं पडतं. आपल्याला हवंय फूल, म्हणून इथं हिशेब उलटा: फुलून गेलेला दांडा मुळाशी काप, बी धरू देऊ नको, पण हिरवं पान शेवटपर्यंत राहू दे. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानावरच पोसतं.

आता मातीचं बोलू. परसातली आपली काळी माती उसाला झकास, कांद्याला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. म्हणून वाफा वीतभर उंच कर आणि त्यात नदीची वाळू नि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळ. ताजं शेण अजिबात नको, त्यानं कांदा सडतो. कुंडी असेल तर तळाच्या भोकावर खापरी ठेव. आणि ती प्लॅस्टिकची बशी खाली ठेवतेस ना, निदान पावसाळ्यात तरी ती काढून टाक.

कुठला कांदा लावू म्हणशील, तर पहिला निशिगंध. हा मूळचा मेक्सिकोचा, पण आता तो आपल्या हारात, वेणीत आणि लग्नाच्या मांडवात असा रुळलाय की परका म्हणवत नाही. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लाव. लावल्यापासून साधारण ८० ते ११० दिवसांत छडी येते, म्हणजे गणपती-गौरीला घरची फुलं. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, हाताला टणक लागणारा कांदा निवड. बारीक कांदे पहिल्या वर्षी नुसतं पान दाखवतात आणि तू मला दोष देतेस. हार-गजऱ्याला सिंगल घे, फुलदाणीला डबल. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेल्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या सिंगल जाती, ‘सुवासिनी’ डबल आणि ‘वैभव’ अर्धी डबल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ही आहे. नर्सरीत नाव विचारून घेत जा, ‘गुलछडी द्या’ म्हटलं की हाताला येईल ते देतात. शेतकरी दोन-तीन वर्षांनी फड मोडतात, तेव्हा ओळखीनं कांदे मागितलेस तर स्वस्तात काम होतं. एक मात्र लक्षात ठेव, एकदा फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, त्याच्या कडेची पिल्लं फुलतात. म्हणून तिसऱ्या वर्षी सगळा गड्डा उकर, पिल्लं सुटी कर, महिनाभर सावलीत राहू दे आणि मग लाव.

निशिगंध घरात मात्र लावू नकोस. त्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागतं, सोप्यातल्या खिडकीत तो नुसता लांबतो. घरात आणायची ती कापलेली छडी. खालची दोन-तीन फुलं उमलली की संध्याकाळी कापायची, देठ तिरका छाटायचा, पाणी एका दिवसाआड बदलायचं. झोपायच्या खोलीत ठेवू नको, रात्री वास एवढा चढतो की सकाळी डोकं धरून उठशील.

घरात ठेवायला खरी गुणी बाई म्हणजे अ‍ॅमरिलिस, ती मोठ्या भोंग्यासारख्या लाल फुलांची लिली. कुंडी लहानच घे, कांद्याभोवती दोन बोटं जागा राहील एवढी. कांद्याचा मानेकडचा भाग मातीच्या वर उघडा ठेव. पावसाळाभर ऊन आणि खत दे, थंडीत पाणी तोड, उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा थोडं थोडं सुरू कर. दांडा वर आला, कळी फुगली की कुंडी उचलून सोप्यात आण. रोज थोडी फिरव, नाहीतर दांडा खिडकीकडे वाकतो. फूल सरलं की पुन्हा उन्हात. घरात ती पाहुणी, राहायचं तिनं बाहेरच.

बाकीच्यांचे फार लाड नाहीत. फुटबॉल लिली आणि पावसाची छोटी लिली एकदा कडेला लावून टाक. वळीव पडला की आपणहून वर येतात. ग्लॅडिओलस दसरा-दिवाळीच्या दरम्यान लाव, संक्रांतीच्या आसपास फुलतो. त्याला काठीचा आधार दे, फुलल्यावर दीड-दोन महिन्यांनी गड्डे उकरून सावलीत वाळव आणि जाळीच्या पिशवीत टांगून ठेव.

ट्युलिपचं खूळ तेवढं सोड. त्या कांद्याला तीन महिन्यांच्या वर कडक थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराकाठी ती फुकट मिळते, निपाणीत फ्रिजमध्ये विकत घ्यावी लागते. बरं, फ्रिजात शेजारी केळी-सफरचंदं ठेवलीस तर त्यांच्या वायूनं आतली कळी मरते. एवढं करून फूल आठवडाभर, आणि कांदा दुसऱ्या वर्षी बाद. त्या पैशात निशिगंधाचा अख्खा वाफा होतो. हौस म्हणून एकदा कर, नाही म्हणत नाही, पण मग रडायचं नाही.

पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या येतात आणि दोन रात्रींत झाड बोडकं करतात. सकाळी चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाक. वखारीतली तंबाखूची भुकटी भिजवून मारायचा सल्ला तुला गल्लीत चार जणी देतील. किडी त्यानं मरतात हे खरं, पण निकोटीन कातडीतूनही अंगात उतरतं आणि तुझं पोर रांगतंय. निंबोळी अर्कावर भागव.

आणि आंबोली-राधानगरीकडे सहलीला गेलीस तर रानातले कांदे उपटून आणू नको. कळलावीची फुलं गौरीला वाहतात म्हणून कुणी तिचा कंद देऊ करेल, तोही घेऊ नको. ती नखशिखांत विषारी असते. लिलीचे कांदेही पोटात गेले की उलट्या-जुलाब होतात आणि सोललेला अ‍ॅमरिलिस दिसायला थेट भाजीच्या कांद्यासारखा. म्हणून उकरलेले कांदे स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत. माळ्यावर वेगळी पिशवी टांग आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिही, ‘फुलांचे. खायचे नाहीत.’ सासूबाईंनाही तोंडी सांगून ठेव.