तेलाला सूर्याचा पर्याय : शक्यता आणि मर्यादा

खनिज तेलाचे दर भडकले, की अपारंपरिक ऊर्जेची हटकून आठवण होते. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच पिंपामागे तीन डॉलरचा भाव बारा डॉलरच्या घरात गेला. त्या धक्क्यानंतर १९७६ मध्ये मुंबईनजीकच्या समुद्रातील ‘बॉम्बे हाय’चे तेल मिळू लागले आणि १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. तरीही आज आपल्या गरजेचे पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयातच करावे लागते.

दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर वीजक्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. मग तेलाची आयात का घटत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर साधे आहे. पण चर्चेत ते बहुधा निसटते. सूर्य आणि वारा आपल्याला वीज देतात. तेलापासून मात्र आपण वीज फारशी निर्माण करीतच नाही. ती मुख्यतः कोळशापासून होते. त्यामुळे सौर प्रकल्पांची खरी स्पर्धा कोळशाशी आहे. तेल जळते ते ट्रक, बस, ट्रॅक्टर, मोटारी आणि विमाने यांच्या इंजिनांत. जे यंत्र विजेवर चालत नाही, तेथे सूर्याचा प्रवेश नाही.

ते यंत्रच विजेवर आणले, तर चित्र पालटते. शेतीपंपाचे उदाहरण घ्या. पिकाला पाणी बहुधा उन्हाच्या दिवसांतच हवे असते आणि ते शेततळ्यात साठवताही येते. रात्रीसाठी बॅटरीची गरज उरत नाही. म्हणून २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘कुसुम’ योजनेतील सौरपंप डिझेल पंपाची जागा थेट घेऊ शकतो. सौरऊर्जेला इतके अनुरूप काम दुसरे क्वचितच असेल.

रेल्वेचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली. आज ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे आणि डिझेल इंजिनांचे राज्य संपत आले आहे. परंतु या वाटचालीस शंभर वर्षे लागली, आणि तारेतून येणारी बरीचशी वीज आजही कोळशाचीच आहे. म्हणजे तेल हटले, तरी त्याची जागा सूर्याने घेतली असे अद्याप म्हणता येत नाही.

रस्त्यावर तार नाही, तेथे बॅटरी लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तर विजेची मोटार फारच थोडी. हा लाभ धरूनही एका लिटरची बरोबरी करण्यास वीस-पंचवीस किलोची बॅटरी लागते. तीनशे लिटर डिझेल घेऊन निघणाऱ्या मालट्रकसाठी हा हिशेब सहा ते साडेसात टनांवर जातो. तेवढा माल कमी न्यावा लागेल! विमानाबद्दल तर बोलायलाच नको.

इथेनॉलचा मार्ग निराळा. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले, ही मोठी कामगिरी होय. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या चिंतेमुळे उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले होते. ते पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. जमीन आणि पाणी मर्यादित असताना इंधन व अन्न यांतील ही ओढाताण टळणारी नाही.

तेव्हा नजीकच्या काळात संपूर्ण पर्यायाची अपेक्षा अवास्तव वाटते. दुचाकी, रिक्षा आणि शहरी बस यांचे मात्र तसे नाही. त्यांचा रोजचा पल्ला लहान व ठरलेला असतो आणि त्या ठरावीक ठिकाणी थांबतात. पेट्रोलचा फार मोठा वाटा दुचाकीच वापरतात, हे ध्यानात घेता येथील बदल आयातीच्या देयकावर उमटेल. असे वाहन कर्जाऊ घेणाऱ्या ग्राहकाने मासिक हप्त्याबरोबर दरमहा वाचणारे पेट्रोल, बॅटरीच्या हमीची मुदत आणि ती बदलण्याचा खर्च यांचा हिशेब मांडावा. हमी कर्जफेडीच्या आधीच संपत असेल, तर तो खर्च आधीच बाजूला ठेवलेला बरा.